मीठबाबांची जांभळी ज्योत

"पिवळी! पाहिलीत? पुन्हा पिवळी!" मीठबाबा गरजले आणि सगळं सभागृह हळहळलं.

समोर ताटलीत स्पिरिट जळत होतं. लोकांनी स्वयंपाकघरातलं चिमूटभर मीठ रुमालाच्या गाठीत आणलं होतं. जो टाकी, त्याची ज्योत पिवळीधमक!

"घरात रोग मुरलाय, बाई! मिठातून रक्तात, रक्तातून नशिबात! आता हे आमचं तपाचं मीठ बघा."

बाबांनी डबीतली चिमूट दुसऱ्या ताटलीत टाकली. ज्योत जांभळी झाली. झालं, पुड्यांसाठी झुंबड उडाली.

मागे धाकटी उभी होती; दादाची धाकटी बहीण, म्हणून घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. ती खत कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला, ही ज्योत तिच्या रोजच्या ओळखीची. आणि झुंबडीत सगळ्यात पुढे तिची वहिनी!

दादाच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या. डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं, फळंसुद्धा मोजकीच. वर्षभर बिचारा अळणी गिळत होता.

"वन्सं, हे साधं मीठच नाही," वहिनी म्हणाली. "बाबांनी छातीठोक सांगितलंय."

धाकटी तडक प्रयोगशाळेतून एक बाटली घेऊन घरी आली. तिने गॅस पेटवला, तारेच्या टोकावर घरचं मीठ धरलं. पिवळी ज्योत. बाबांची पुडी. जांभळी. बाटलीतलं. तीही जांभळी.

"हे पोटॅशियम क्लोराइड, वहिनी. आमच्याकडे याचं खत होतं. साध्या मिठातलं सोडियम पिवळं जळतं, यातलं पोटॅशियम जांभळं. त्यात पाप नाही नि तपही नाही! धडधाकट माणसाच्या किडन्या जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकतात. दादाच्या टाकणार नाहीत. रक्तात साठलं तर हृदय बंद पडेल!"

वहिनीने शांतपणे विचारलं, "म्हणजे यात साधं मीठ नाही ना?"

"नाही, पण..."

"मग बाबा खोटं काय बोलले?"

बाबांच्या बाजूने साक्ष धाकटीनेच दिली होती.

दादा ताट पुसून खात होता. "धाकटे, वर्षाने तोंडाला चव आली गं. कडवट आहे, पण खारट आहे. एवढं तरी राहू दे मला."

तिने पुड्या मोरीत ओतल्या, रडली, भांडली, डॉक्टरांनाही फोनवर आणलं. वहिनी "बरं बरं" म्हणाली. कपाटात साड्यांखाली आणखी पुड्या होत्या, हे धाकटीला दवाखान्यात कळलं. तोवर दादाचं हृदय थांबलं होतं.

आठवडाभराने ती सभागृहात गेली. बाबा यायच्या आत तिने दोन ताटल्या पेटवल्या, बाटली दाखवली, सगळं समजावून सांगितलं. भाऊ कसा गेला तेही सांगितलं. लोक मान डोलावत ऐकत होते. तिला वाटलं, पटलं!

पुढची एक आजी उठली. "पोरी, तुझ्या बाटलीतलंच दे की थोडं. इथे रांग फार असते."

धाकटीने बाटली घट्ट धरली. हसावं की रडावं तिला कळेना. ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.

तिचं ऐकणारं तिथे कोणी नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो. ज्योतीचा रंग पदार्थ कोणता ते सांगतो, तो औषध आहे की विष ते नाही. हात जोडण्याआधी एवढंच विचारा, पुडीत काय आहे? आणि कोणी उत्तर दिलं, तर ते शेवटपर्यंत ऐका. वहिनीने अर्धंच ऐकलं होतं.