दाराबाहेरचा ॲडमिरल

मी सुधन्वाला गाडीतच सांगितलं होतं, या कपड्यांत वर जाऊ नकोस. पण आमचा ॲडमिरल बायकोचं ऐकेल तर शपथ.

"अगं, चांगली बातमी घेऊन चाललोय. मुलगा वाचलाय."

"ते तुला माहितीये. त्याच्या आईला नाही."

"आत्ता कळेल की."

बातमी खरंच चांगली होती. सकाळी गोव्याजवळ नौदलाच्या हेलिकॉप्टरला पक्षी धडकला आणि वैमानिकाला ते समुद्रात उतरवावं लागलं. सगळे जिवंत निघाले. वैमानिक जयदीप, सुधन्वाच्याच जुन्या स्क्वाड्रनमधला, त्याचा फक्त हात मोडला. पण टीव्हीवाल्यांनी 'हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं' एवढंच दिवसभर लावून धरलं, आणि इथे आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्याच्या आईने, हेमलताताईंनी, फोनच बंद करून ठेवला. वडील गुणवंतराव खात्याच्या कामाने गुवाहाटीला. त्यांना सगळं कळलं होतं, पण बायकोला सांगणार कसं? त्यांनी सुधन्वाला गळ घातली, साहेब, कुणाला तरी घरी पाठवा. हा म्हणाला, कुणाला कशाला, मीच जातो. आम्ही एका समारंभाला निघालो होतो, त्यामुळे साहेब पांढराशुभ्र गणवेश, छातीवर पदकं, डोक्यावर टोपी अशा थाटात.

माणूस मनाचा चांगला आहे हो. तीसेक वर्षं उडाला. वादळात जहाजाच्या डेकवर हेलिकॉप्टर उतरवलं, बुडणाऱ्या कोळ्यांना दोरीने वर ओढून घेतलं, स्क्वाड्रन सांभाळली, मग अख्खा तळ, आणि आता दिल्लीत मोठ्या टेबलामागे बसून फायलींशी कुस्ती खेळतो. पण नौदलात सगळ्यात वाईट बातमी फोनवर देत नाहीत. वरिष्ठ अधिकारी गणवेशात दाराशी येतो, सोबत बहुतेक त्याची बायको असते. हे सुधन्वालाही ठाऊक, दोनदा तो स्वतः तसा गेलाय. फक्त दाराच्या आत तो कधी बसला नाही, कारण तो कायम वर आकाशात. ज्याचं जळतं त्याला कळतं.

दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्याने बेल वाजवली. आत चपलांचा आवाज झाला, दाराच्या भिंगापाशी थांबला. मग आतून वरची कडीसुद्धा लागली.

"मॅडम, मैं रिअर ॲडमिरल..." हा सवयीने हिंदीत सुरू झाला.

"मराठीत बोल," मी म्हटलं.

"ताई, जयदीप सुखरूप आहे. तेच सांगायला आलोय."

"जा तुम्ही." आवाज अगदी शांत होता. "आधी सगळे असंच म्हणतात. दार उघडलं की खरं सांगतात."

"अहो, खरंच..."

"मी नाही उघडणार. मी उघडत नाही तोवर त्याला काही झालेलं नाही."

सुधन्वाने माझ्याकडे पाहिलं. इतकं भांबावलेलं मी त्याला कधी बघितलं नव्हतं. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

"टोपी काढ आणि चार पायऱ्या खाली उतरून बस," मी म्हटलं. "तिला दिसू नकोस. आणि त्या पोराला फोन लाव."

बसला बिचारा, धुळीच्या पायरीवर, पांढऱ्या पँटसकट. वरून भाजीची पिशवी घेऊन उतरणाऱ्या बाई "नमस्ते जी" म्हणून त्याला वळसा घालून गेल्या. सुधन्वा फोनवर गोव्याच्या हॉस्पिटलमधल्या कुणाकुणाला विनवत होता, फोन जयदीपच्या खाटेपर्यंत न्या म्हणून.

मी दाराला टेकले.

"हेमलताताई, मी उत्तरा, यांची बायको. उघडू नका, नुसतं ऐका. आम्ही गोव्याला होतो तेव्हाची गोष्ट. सुधन्वा उडायला गेलेला, आणि त्याचे साहेब बायकोला घेऊन आमच्या दाराशी, गणवेशात. मी खिडकीतून पाहिलं. लेकीला, इशिताला, उचललं, बाथरूममध्ये जाऊन बसले आणि नळ पूर्ण सोडला, बेल ऐकू येऊ नये म्हणून."

आतून हळूच, "मग?"

"मग काय. पेढे घेऊन आले होते हो. त्याला स्क्वाड्रनची कमांड मिळाली होती. बराच वेळ बेल वाजवली आणि पेढे दाराशी ठेवून गेले. हा घरी आल्यावर विचारतो, दार का नाही उघडलंस? मी सांगितलं, झोप लागली होती."

पायरीवर सुधन्वाची मान वळली. त्याला यातलं अक्षर माहीत नव्हतं.

तेवढ्यात फोन लागला. तो धडपडत वर आला आणि फोन माझ्या हातात दिला. मी स्पीकर लावून दाराशी धरला.

"आई," जयदीप म्हणाला, "दार उघड ना गं. साहेबांना बाहेर उभं केलंयस, मला झापतील ते."

आत हुंदका फुटला. एक कडी निघाली, मग दुसरी. हेमलताताईंनी फोन हिसकावूनच घेतला. "कुठला हात? उजवा? मग जेवतोस कसा?" असं विचारत त्या दारातच खाली बसल्या आणि रडू लागल्या. मीही रडले, काय लपवायचं त्यात.

सुधन्वा टोपी हातात धरून उभा होता. "चुकलं माझं, ताई. असं यायला नको होतं."

"चहा घेऊन जा," त्या फोनवरून मान वर करून म्हणाल्या.

समारंभ राहिला तो राहिलाच. खाली गाडीत बसलो तरी सुधन्वा ड्रायव्हरला चल म्हणेना.

"इतकी वर्षं बोलली नाहीस," तो म्हणाला.

"बोलले असते तर उडायचं सोडलं असतंस?"

त्याने खोटं उत्तर दिलं असतं तर मी गाडीतून उतरून मेट्रोने घरी गेले असते. त्याने हातातली टोपी मांडीवर ठेवली.

"नसतं सोडलं," तो म्हणाला.

"माहीत होतं मला. म्हणूनच दर वेळी हसत दार उघडायचे."

ड्रायव्हरच्या देखत त्याने माझा हात धरला, आणि मीही सोडवून घेतला नाही.