गार दिवा

“गार आहे,” दिवेवाले म्हणाले.

खुर्चीवर चढून, एका हाताने भिंत धरून त्यांनी खोलीतला बल्ब चाचपला होता. डोळ्यांनी दिसत नसलेला म्हातारा खुर्चीवर उभा, हे पाहून बायको स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडली.

“अहो, उतरा आधी! हातपाय मोडून घ्यायचेत का?”

“मघाशी दिवा लावलाय म्हणालीस ना?”

“लावलाय की. हे नवे बल्ब तापतात कुठे!” असं म्हणता म्हणता ती खोलीत आली, तिचा हात बटणाकडे गेला आणि खट्ट आवाज झाला.

“आत्ता लावलास,” दिवेवाले म्हणाले आणि चाचपडत खाली उतरले.

उभं आयुष्य त्यांनी रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करण्यात घालवलं होतं. त्यांचं खरं नाव सासुरवाडीलाच काय ते ठाऊक. काचबिंदूने नजर गेली तेव्हाही त्यांनी फार आदळआपट केली नाही. एकच हट्ट धरला, संध्याकाळी आपल्या खोलीत दिवा हवा. आंधळा झालो म्हणून मला अंधारात बसवू नका, असं त्यांनी घरच्यांना बजावलं होतं. बायको काही दुष्ट नव्हती. भांडी घासताना प्रश्न आला की ती “लावलाय हो” म्हणून मोकळी व्हायची आणि मग विसरायची. त्यांना काय फरक पडतो, असं तिला वाटायचं. कुणालाही वाटलं असतं.

त्या दिवसापासून दिवेवाल्यांनी विचारणंच सोडलं. भांडण नाही, अबोला नाही. बायको आता वेळच्या वेळी दिवा लावायची आणि मुद्दाम मोठ्याने सांगायची. ते म्हणायचे, “असेल.”

हे ‘असेल’ मुलीच्या जिव्हारी लागलं. बापाच्या शिडीचा पाय धरून मोठी झालेली ही मुलगी, हट्टाच्या बाबतीत थेट बापावर गेलेली. ती एका प्रयोगशाळेत कामाला होती. काचेच्या बाटल्यांत स्फटिक वाढवायचे, हे तिचं काम. हे स्फटिक केसाएवढे बारीक, पण तिथल्या एका खास दिव्याचा उजेड पडला की वाकायचे आणि उजेड काढला की पुन्हा सरळ व्हायचे. तिथल्या मॅडमना असेच शहाणे स्फटिक हवे असायचे. काही मात्र जाडे आणि आडमुठे निघत. ते वाकायचं नाव घेत नसत, उजेड पडला की तडकून उडत आणि एकदा उडाले की संपले. असले टाकाऊ खडे बाजूला काढताना एकदा तिच्या हातून तो दिवा चालू राहिला आणि बशीच्या झाकणावर टक्‌ टक्‌ आवाज आला. ती हातातलं काम सोडून ऐकत राहिली. त्याच दुपारी तिने मॅडमची परवानगी काढली.

“आंधळ्याला प्रयोगशाळा दाखवणार?” दिवेवाले म्हणाले.

“दाखवणार नाही. ऐकवणार आहे. शर्ट बदला.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर उद्या पुन्हा विचारीन.”

ते आले. स्टुलावर बसले. मुलीने त्यांच्या डोळ्यांवर जाड चष्मा चढवला.

“आता माझं काय बिघडायचं राहिलंय गं?”

“नियम आहे, बाबा. हा दिवा डोळ्यांना वाईट असतो.”

तिने खडे काचेच्या बशीत पसरले, वर काचेचं झाकण ठेवलं आणि सगळं समजावून सांगितलं. दिवेवाल्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि मान हलवली.

“असं नाही. बटणाचा आवाज मला कळतो. दिवा आधीच लावून ठेव, मध्ये पुठ्ठा धर. मला न सांगता पुठ्ठा काढ. मी सांगतो.”

तिने तसंच केलं. बराच वेळ पुठ्ठा धरून ती श्वास रोखून उभी राहिली. मग अलगद काढला.

टक्‌.

“आला,” दिवेवाले म्हणाले.

तिने पुठ्ठा आड धरला. उशिराने आणखी एक टक्‌ झालं आणि मग शांत.

“गेला.”

पुन्हा काढला. यावेळी टकटक एकदम सुरू झाली, पत्र्यावर वाळूचे कण पडावेत तशी. दिवेवाल्यांनी कान बशीशी नेला. “आला, आला! अगं, केवढा आलाय!” ते शाळेतल्या मुलासारखे हसत होते आणि मुलीला रडू आवरत नव्हतं.

“पुन्हा,” ते म्हणाले.

तिने पुठ्ठा धरला. थांबली. काढला.

काहीच झालं नाही.

दिवेवाले वाट पाहत राहिले. “अजून नाही आला.”

मुलीने बशीत पाहिलं. सगळा भुगा झाला होता. पुठ्ठा गुपचूप आड धरून “हो, नाही आला” म्हणणं अगदी सोपं होतं. तिची आई भांडी घासता घासता म्हणायची, तितकं सोपं.

“आलाय, बाबा,” ती म्हणाली. “उजेड पडलाय बशीवर. खडे संपले. आता आवाज नाही होणार.”

दिवेवाल्यांचं हसू मावळलं. त्यांनी हात पुढे केला, बशीच्या वर धरला, तळहात वर-खाली करून पाहिला.

“गार आहे.”

“हो. हा तापत नाही.”

त्यांनी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला.

“तू म्हणतेस ना,” ते शेवटी म्हणाले, “मग आहे.”

घरी परतेपर्यंत संध्याकाळ झाली. दिवेवाले आपल्या खुर्चीत टेकले. मुलगी दारातच चपला काढत होती आणि आई मोरीत भांडी घासत होती.

“दिवा लावलास का गं?” खोलीतून आवाज आला.

आईच्या हातातलं पातेलं थांबलं. किती दिवसांनी हा प्रश्न आला होता. उत्तर सवयीने ओठांवर आलंच होतं. तिने मुलीकडे पाहिलं, मग साबणाच्या हातांकडे.

“नाही हो,” ती म्हणाली. “थांबा, लावते.”

“सावकाश ये. हात पूस आधी,” दिवेवाले म्हणाले, आणि बल्ब होता तिकडे तोंड करून बसले.