जिवतीची लाल अक्षत

२००१ सालचा श्रावण. आमचं हिंदी मुलखातलं नवं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. मी तेव्हा नर्स होते, शहरातल्या बूढापाऱ्यातून बीरगांवच्या मराठी कामगारांच्या वस्तीत जायची. तिथं कांताबाईंची सून चेतना पाचव्या महिन्यात होती. आधीच्या बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं होतं की मूल हाती लागलं नाही, तीही कशीबशी वाचली. आताही रक्त कमीच होतं, आणि कांताबाई रक्तवाढीची लाल गोळी घेऊ देत नव्हत्या.

"त्या गोळीनं पोट्टं काळं होते, बाई."

"आणि तुमचा लेक दयाराम एवढा काळा झाला, तेव्हा तुम्ही कोणती गोळी खाल्ली होती?"

त्या पोट धरून हसल्या. गोळ्या डब्यातच राहिल्या.

पहिल्या शुक्रवारी जिवतीची पूजा होती. गोल बाजारातून आणलेलं लेकुरवाळ्या देवीचं चित्र भिंतीवर चिकटवलेलं. बायका हातात अक्षता धरून बसल्या आणि मला म्हणाल्या, यंदा कहाणी तुम्ही सांगा. मी सांगितली, पण मधे आपलं घातलं. जिवती म्हातारीच्या रूपानं आली, अशक्त सुनेला रोज एक लाल अक्षत देऊन गेली, सुनेचं बाळ जगलं. चेतना माझ्याकडे एकटक बघत होती. निघताना मी डब्यातल्या गोळ्या तिच्या ओंजळीत ठेवल्या.

पुढच्या शुक्रवारी गेले तर चित्रापुढच्या ताटलीत सात गोळ्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर हळदकुंकू.

"हे काय?"

"रोज एक वाहून राहिली मी," चेतना म्हणाली. "अक्षत कोणी खाते का?"

सुनेनं त्या अक्षतेचं काय केलं, ते सांगायचं मला सुचलंच नव्हतं. आठवडा वाया गेला होता. मी खाली बसले आणि कांताबाईंना खरं ते सांगून टाकलं, की हा भाग मी मनचा जोडला.

"माहीत हाय मले. माझ्या सासूच्या कहाणीत कुठं होती लाल अक्षत?" त्या शांतपणे म्हणाल्या. "पण जोडली तं पुरी जोडाची ना. अर्धी कहाणी सांगून काहून गेल्या तुम्ही?"

त्यांनी ताटलीतली एक गोळी उचलली, पुसली. "देवीले वाहिलं का प्रसाद होते. प्रसादाले नाही म्हणाचं नसते. उघड तोंड."

"आणि बाकीच्या?" चेतनानं विचारलं.

"रोज एक. बाईच्या कहाणीत रोज एकच हाय."

पोळ्यानंतर चित्र भिंतीवरून काढायचं असतं. त्यांनी ते मार्गशीर्षापर्यंत, चेतना बाळंत होईपर्यंत, काढलं नाही.

मुलगी झाली, सावळी. कांताबाई म्हणाल्या, बापावर गेली. त्या पुढं आठ वर्षं जगल्या आणि दर श्रावणात ती कहाणी आपल्या सासूची म्हणून सांगायच्या. दयाराम जवळच्या उरला गावातल्या कारखान्यातून निवृत्त झाला. मुलीला, स्नेहलला, मराठी समजते, पण ती उत्तर हिंदीत देते. मी अजून बूढापाऱ्यातच आहे. आता कहाणी चेतना सांगते. तिच्या कहाणीत म्हातारी सुनेनं गोळी गिळेपर्यंत दारातून हलत नाही.