बायकोची एकोणीस मृत्युपत्रं

बायको गेल्याला चौदा दिवस झाले होते. तिचं कपाट उघडलं, तर आतून एकोणीस मृत्युपत्रं निघाली.

ती तीस वर्षं कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून बसायची आणि लोकांची मृत्युपत्रं, भाडेकरार टाइप करून द्यायची. दुसऱ्या बायका रागावल्या की माहेरी जातात, ही टाइपरायटरपाशी जायची. भांडण झालं की घर भावाला, मिटलं की घर मला. संध्याकाळी मशीन घरीच असायचं, त्याचा खडखडाट मला ऐकू यायचा, पण मला वाटायचं कुणाचं तरी काम चाललंय. घर तिचं होतं, तिच्या वडिलांकडून आलेलं. मी घड्याळं दुरुस्त करतो. माझ्या मालकीचं म्हणाल तर एक भिंग आणि दोन चिमटे.

गठ्ठा घेऊन मी वकीलबाईंकडे गेलो. मेहुणाही आला. त्याला दोन मुली आणि भाड्याच्या दोन खोल्या, त्यामुळे तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. मी विचारलं, तीस वर्षं राहतोय, मग घर आपोआप माझं नाही का होत? वकीलबाई म्हणाल्या की राहणं वेगळं आणि मालकी वेगळी. मेहुण्याने विचारलं, सर्वात जास्त मृत्युपत्रं ज्याच्या बाजूने, त्याला घर मिळतं का? त्याने मोजली होती. दहा त्याची, नऊ माझी. वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि सांगितलं की ही निवडणूक नाही. शेवटचं तेवढं खरं, बाकीची रद्दी.

शेवटची मात्र दोन होती. एकाच तारखेची, तिला दवाखान्यात नेण्याच्या आठवडाभर आधीची. एकात घर मेहुण्याला, दुसऱ्यात मला. वेळ कुठेच घातलेली नव्हती. हजार लोकांचे कागद बिनचूक करणारी बाई स्वतःच्या कागदावर चुकली, कारण एका दिवसात दोनदा मृत्युपत्र करणारं गिऱ्हाईक तिला कधी भेटलंच नव्हतं.

त्या दिवशी कशावरून वाजलं होतं ते मला आठवेना. रोजच काहीतरी असायचं. घर गेलं तर गेलं, चिमटे घेऊन कुठेही बसता येतं. पण शेवटचा कागद रागाचा होता का, हे कळल्याशिवाय मला घास गिळवणार नव्हता.

साक्षीदार म्हणून एकोणीस वेळा तेच दोघं होते, समोरचा इस्त्रीवाला आणि शेजारचा बेकरीवाला. वकीलबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. तिने मजकूर कधी वाचू दिला नाही, म्हणाले. पण सही झाल्यावर चहा मिळाला तर घरात मिटलंय आणि नाही मिळाला तर पेटलंय, एवढं त्यांनी ताडलं होतं.

“त्या दिवशी चहा सकाळी मिळाला,” इस्त्रीवाला म्हणाला.

“संध्याकाळी. बिस्किटं माझी होती,” बेकरीवाला म्हणाला.

“तुझी बिस्किटं असती तर माझे दात पडले असते, विसरलो नसतो.”

बेकरीवाल्याने मग स्वतःच्या लग्नाचा कोट इस्त्रीवाल्याने जाळला होता, तो विषय काढला. मेहुणा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. मला हसू यायला लागलं. बायको जाऊन चौदाच दिवस झालेत म्हणून दाबलं, तर ते नाकातून बाहेर आलं. मग मेहुणा सुटला, वकीलबाईही सुटल्या. एका चहावरून एवढा वाद कोर्टात कधी झाला नसेल, त्या म्हणाल्या.

हसून डोळे भरले म्हणून नीट दिसेना. सवयीने मी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि मेहुण्याच्या कागदावर वाकलो. पहिल्या सात ओळी नीट होत्या. आठव्या ओळीपासून प्रत्येक ‘र’ शाईने, हाताने भरलेला होता. दुसरा कागद ओढला. त्यात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकही ‘र’ टाइप केलेला नव्हता.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिच्या मशीनचा ‘र’ उमटवणारा खिळा तुटला होता आणि दुसऱ्या दिवशी मीच डाख देऊन तो बसवला होता. कसा तुटला विचारलं, तर ती म्हणाली होती, म्हातारा झालाय.

मी भिंग मेहुण्याच्या हातात दिलं. त्याने एक कागद पाहिला, मग दुसरा, मग परत पहिला. वेळ लागला त्याला. बोलला नसता, तर माझ्याने तोंड उघडवलं नसतं.

“भावोजी, माझं लिहिताना ताईने खिळा तोडलाय,” तो म्हणाला. “तुमचं त्यानंतरचं आहे. घर तुमचं.”

मग त्यानेच माझा कागद मोठ्याने वाचला. घर नवऱ्याला. भांडी, शिलाई मशीन आणि टाइपरायटर भाचींना. शेवटचं कलम असं होतं:

“नवऱ्याने माझी खुर्ची मला न विचारता भंगारवाल्याला दिली. घर देत असले तरी ही चूक मी माफ केलेली नाही, हे दोन साक्षीदारांसमक्ष नमूद करते.”

इस्त्रीवाला टेबलावर डोकं टेकून हसत राहिला. वकीलबाईंनी कसंबसं सांगितलं की या कलमाला कायद्यात काही किंमत नाही, कोर्टात करायच्या अर्जात ते गाळलं तरी चालेल.

“गाळू नका,” मी म्हणालो. “खुर्ची चांगली होती.”

मेहुण्याला म्हटलं, मुलींना घेऊन राहायला ये, दोन खोल्या रिकाम्याच आहेत. तो म्हणाला, येतो, पण टाइपरायटर कुलपात ठेवा, धाकटी रागीट आहे.