मंजुळेचा स्वभाव

अकोल्याच्या बाजारात शेषरावांचं फुलांचं दुकान होतं आणि गजऱ्यांच्या पुड्या बांधायला रद्दी लागायची. त्या रद्दीतल्या एका साप्ताहिकात कादंबरी क्रमशः यायची. शेषरावांच्या लेकीनं, सुभद्रेनं, ती हाती आली तशी वाचली, शेवट आधी, मधलं मग आणि सुरुवात मिळाली तेव्हा.

त्या रविवारी तिला बघायला अमरावतीहून देवीदास मास्तर आले, सोबत त्यांचे मामा भगवंतराव. मास्तर नागपूरला बी.ए. झालेले, मध्यप्रांत सरकारच्या शाळेत नोकरीला. सुभद्रेला धास्ती वेगळीच होती. आधी येऊन गेलेल्या दोघांनी तिच्याकडे एकदा बघून 'मुलगी गरीब स्वभावाची दिसते' असं ठरवून टाकलं होतं. ती गरीब स्वभावाची मुळीच नव्हती. न विचारताच आपल्याला ओळखणाऱ्या माणसाबरोबर जन्म कसा काढायचा?

रिवाजाप्रमाणे तिला वाचून दाखवायला सांगितलं. तिनं साप्ताहिकाचा एक अंक उचलला. कादंबरीची नायिका मंजुळा ठरलेलं लग्न मोडून पहाटेच्या गाडीनं निघून जाते, तो भाग तिनं वाचला. मास्तरांची कळी खुलली. ही कादंबरी त्यांचीही वाचलेली. त्यांनी खिशातून वही काढली.

"परदेशातल्या एका डॉक्टरांचा सिद्धांत आहे," ते म्हणाले. "मनाच्या चार शक्ती. विचार, भावना, इंद्रियांची जाण आणि अंतर्ज्ञान. एक सगळ्यांत पुढे, तिच्या विरुद्धची सगळ्यांत मागे. मंजुळेची भावना पुढे, विचार मागे. म्हणून तर रडत घर सोडलं."

हे आपल्याला रोजच ऐकायला मिळतं अशा थाटात शेषरावांनी मान हलवली.

सुभद्रेला मात्र राहवेना. "मंजुळेले काहून येडी ठरवून राहिले तुमी?"

"सुभे!" शेषराव ओरडले.

"थांबा नं, बाबा. आत्ताच तं वाचलं मी. तिनं गाडीची वेळ इचारली, भाकरी बांधली, नोकरीचं पत्र संग घेतलं. गाडी सुटल्यावर मंग रडली. डोयात पानी आलं का बाईचा इचार संपला, असं त्या डॉक्टरले कोनं सांगतलं?"

मास्तरांनी अंक मागून घेतला, भाग पुन्हा वाचला आणि वहीतली एक ओळ खोडली. त्यांचे कान लाल झाले होते. सुभद्रेला वाईट वाटलं. माणूस तिला आवडला होता, आणि आता हेही स्थळ हातचं गेलं.

भगवंतरावांनी कपबशी खाली ठेवली. "मास्तर, पोरगी पसंद हाय का नाई, सांगून टाक."

मास्तरांची पुस्तकी भाषा कुठल्या कुठे पळाली. "मले तं पसंद हाय, मामा. पन तिच्या मनात काय हाय थे मी कसं सांगू? तिलेच इचारा."

मुलीला विचारायची रीत नव्हती, त्यामुळे कसं विचारायचं तेही शेषरावांना सुचेना. ते नुसतेच लेकीकडे बघत राहिले.

सुभद्रेनं मान वर करून मास्तरांकडे सरळ बघितलं.

"हाव," ती म्हणाली. "पन मी गरीब सोभावाची नाई. मंग म्हनसान, सांगतलं नव्हतं."