हात समोर धर, लवू

नसा आणि स्नायूंच्या आजारांत उभी हयात घालवली की एक सवय लागते. बरं करता येत नसेल, तर माणूस निदान मोजत बसतो. मी आयुष्यभर मोजतच आलो.

लवू गिरणीत होता. संपात नोकरी गेली आणि पाठोपाठ अंगातलं बळही गेलं. सकाळी ठीक असायचा, दुपार कलली की पापण्या खाली यायच्या, जीभ जड व्हायची. वापरला की स्नायू थकतो, विसावला की पुन्हा थोडा चालतो, असा तो आजार. त्यावर स्टेरॉइड देतात, आणि त्याचे दुष्परिणाम रोग्याने मुकाट सोसायचे. स्टेरॉइड न देता, नुसत्या गोळ्यांच्या वेळा बदलून भागवायची एक पद्धत मी बसवली होती. बरोबरीचे डॉक्टर तिला माझं खूळ म्हणत. म्हणोत बापडे. बाकीच्या रोग्यांचे आकडे जेमतेम होते हे खरं, पण लवू माझा हुकमी एक्का होता. डिसेंबरात दिल्लीच्या परिषदेत त्याच्या जोरावर मी सगळ्यांची तोंडं बंद करणार होतो.

महिन्यातल्या एका रविवारी मी मुलुंडहून फियाट काढून दहिसरच्या चाळीत त्याच्याकडे जायचो.

"हात समोर धर, लवू."

तो धरायचा, मी घड्याळ बघायचो. दर खेपेला हात आधीपेक्षा जास्त वेळ टिकायचे. मी "झकास!" म्हणून ओरडायचो, त्याची बायको सुगंधा तोंडाला पदर लावून हसायची आणि मग मला सोलकढी मिळायची. माझी बायको मृणालिनी गेल्यापासून घरात माझ्याशी बोलायला भिंती तेवढ्या उरल्या होत्या. त्या रविवारची मी वाट बघायचो. आकड्यांसाठी बघतो, अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

त्या वर्षी दसरा ऐन आठवड्यात आला. सवयीने बाजारातून आपट्याची पानं घेतली आणि घरी येऊन टेबलावर ठेवल्यावर लक्षात आलं, की सोनं द्यायला कुणीच नाही. शेजारच्या भाऊरावांच्या दाराला कुलूप होतं. माझा मुलगा अमेरिकेत. तासभर त्या पानांकडे बघत बसलो. मग स्वतःचाच राग आला, पानं उचलली आणि दहिसरची वाट धरली.

दार उघडंच होतं. लवू भिंतीला टेकून बसला होता. पापण्या पार मिटलेल्या, आणि मान पडू नये म्हणून हनुवटीखाली स्वतःचाच हात. सुगंधा चमच्याने पेज भरवत होती. घोट घशाखाली गेला नाही, नाकातून बाहेर आला.

"लवू!" मी ओरडलो.

माझा आवाज ऐकताच त्याने हात समोर धरायचा प्रयत्न केला. ते वर येण्याआधीच पेजेच्या ताटलीत पडले.

"कधीपासून हे असं?" मी सुगंधाला विचारलं.

ती रडायला लागली. "गणपतीपास्ना. तुमी येवच्या आधी दोन दीस हे निजानच रवतत. बोलूकव नाय. सगळी शक्ती तुमच्या आयतवाराक ठेवतत."

"पण का? मूर्ख आहात का तुम्ही दोघं? जीव गेला असता त्याचा!"

"हात वर रवले की तुमचा तोंड कसा फुलता. हे म्हणतत, डॉक्टरांका घराक कोण आसा? म्हयन्यात एकदा तरी तेंका बरा वाटांदे."

मी त्याला तपासत होतो आणि तो मला औषध देत होता.

चाळीतल्या दोघांच्या मदतीने त्याला गाडीत घातलं, हॉस्पिटलात नेलं. नाकातून नळी घातली, ऑक्सिजन लावला आणि जे टाळण्यासाठी मी एवढा आटापिटा केला, तेच स्टेरॉइड माझ्या हाताने सुरू केलं.

खाटेवर तो पुटपुटला, "तुमची ती दिल्लीची सभा..."

"गेली खड्ड्यात. तू गप्प पड."

पानं गाडीतच राहिली होती, मलूल होऊन. ती घेऊन आलो. सुगंधाला दिली, ती वाकून पाया पडली. एक पान लवूच्या हातावर ठेवलं. बोटं मिटली नाहीत. पान चादरीवर पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. लवूने एका बोटाने पापणी वर ढकलली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. दर खेपेला असाच बघत असणार. माझं लक्ष घड्याळाकडे असायचं.

तिसऱ्यांदा पान ठेवलं आणि त्याची मूठ माझ्या दोन्ही हातांत मिटून धरली.

"झकास," मी म्हणालो.

सोडली असती तर पान पडलं असतं. म्हणून तसाच धरून बसलो. घरी तरी कोण वाट बघत होतं?