गुरुवारचा शॉक

सविताला अर्धं खरं बोलायची खोड होती. धादांत खोटं बोलायला तिला देवाची भीती वाटे आणि पुरतं खरं बोलायला गल्लीची. या दोघांच्या मधून वाट काढत तिने पंचवीस वर्षं संसार केला आणि बेलापुरात तिला कुणी नाव ठेवलं नाही. लेकीच्या हनुवटीपाशी मात्र ही हुशारी चांगलीच अंगाशी आली.

लेक संस्कृती, तेवीस वर्षांची, डी. फार्म. करून गावातल्याच एका मेडिकलमध्ये लागलेली. बारावीच्या वर्षी तिच्या हनुवटीवर चार जाड काळे केस उगवले. सविताने ते चिमट्याने उपटले आणि सुटलो म्हणाली. वर्षभरात ते गळ्यापर्यंत पसरले. मग डाळीचं पीठ झालं, हळद झाली, दर आठवड्याला थ्रेडिंग झालं. पाळीच्या तक्रारीसाठी गोळ्या चालू केल्या. त्यांनी पाळी सुधारली, केस जिथल्या तिथे. काउंटरवर गिऱ्हाइकाशी बोलताना हनुवटीला हात लावून बोलायची सवय पोरीला लागली. लोकांना वाटायचं, मोठी विचारी आहे.

गेल्या वर्षी श्रीरामपुरात लेझर करून पाहिलं. जाड केस बरेच गेले, पण बारीक भुरे उरले ते उरलेच. लेझर काळ्या केसाला धरतं, भुऱ्याला सोडून देतं, हे सहावं सेशन संपल्यावर कळलं. मग संस्कृती मोबाईलवर वाचत बसली. एकेका केसाच्या मुळाशी केसासारखीच बारीक सुई घालायची, तिच्यातून वीज सोडायची आणि मूळच मारायचं. इलेक्ट्रोलिसिस म्हणतात त्याला. वेळखाऊ काम, पण भुरा केस असो की काळा, मेलेलं मूळ परत उगवत नाही. तिने वहीत प्रश्न लिहून काढले. सुई प्रत्येकाला नवीन काढता का? मूळ उष्णतेने जाळता, नुसत्या करंटने मारता, की दोन्ही मिळून? आधी थोड्या जागेवर करून दाखवाल का? हे काम कुठे शिकलात?

सविताचा प्रश्न एकच होता. तिथे जाता-येता कुणी बघणार तर नाही ना?

म्हणून तिने जे पार्लर निवडलं त्याचा मागचा दरवाजा बोळात उघडत होता. एवढ्या एका गुणावर तिने पोरीचं तोंड त्या बाईच्या हवाली केलं. बाई बोलायला गोड होती. सुई कसल्यातरी औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवलेली. संस्कृतीने वही उघडली तेव्हा आईने तिला कोपराने ढोसलं, की बाईला राग येईल. अर्ध्या तासात काम झालं. पाचव्या दिवशी खपल्या पडल्या आणि खालून दोन खड्डे निघाले, मोहरीएवढे, काळपट. ते अजून आहेत. सविताने त्या दिवशी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, आणि खरं सांगायचं तर ती तिला मिळायलाच हवी होती.

त्यात दिवाळीनंतर संस्कृतीचं लग्न जमलं. संगमनेरचा आदिनाथ, दूध डेअरीत केमिस्ट. साखरपुड्याला खड्ड्यांवर मेकअपचा थर बसला आणि सगळं पार पडलं. मुलगा संस्कृतीला मनापासून आवडला होता. रोज फोन व्हायचे. एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, "आई, मी त्याला सांगून टाकते. बाकी सगळं बोलतो आम्ही, एवढंच राहतं."

"लगीन होऊ दी. मग काय सांगायचं ते सांग," सविता म्हणाली. "आत्ता गप ऱ्हा. माजी आन हाय तुला."

आईची आण मोडायचं धाडस पोरीला झालं नाही.

डॉक्टर मात्र तिने स्वतः शोधली, नगरला. वहीतले प्रश्न तिने मोठ्याने वाचले आणि या वेळी सविता हात बांधून बसली. डॉक्टरबाईंनी सगळ्यांची उत्तरं दिली. पाकीट फोडून नवी सुई दाखवली. नुसत्या उष्णतेने काम झटपट होतं, पण वाकडं मूळ निसटतं. नुसत्या करंटने पक्कं होतं, पण एकेका केसाला मिनिट-मिनिट लागतं. तुझ्या केसांना दोन्ही मिळून करू, म्हणाल्या. जबड्याखाली पाच-सहा केसांवर करून पाहिलं आणि डाग राहतो का ते बघायला पंधरा दिवस थांबवलं. डाग राहिला नाही.

"किती दिवसांत संपंल?" सविताने विचारलं. "वैशाखात लगीन हाय."

"दर गुरुवारी आलात तर वर्ष, दीड वर्ष. वैशाखापर्यंत संपेल असं कुणी सांगितलं तर त्यांच्याकडे जाऊ नका. आणि एक नियम. मधल्या दिवसांत उपटायचं नाही, थ्रेडिंग नाही, काही नाही. केस वर दिसला तर मला मूळ सापडणार."

सविताने बोटांवर वैशाखापर्यंतचे आठवडे मोजले. म्हणजे आठवडाभर वाढू द्यायचे, आणि लग्न तोंडावर! संस्कृतीने मात्र नियम पाळला. गाडीवर जाणाऱ्या सगळ्याच पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, तिने तो दुकानातही सोडला नाही. धुळीची ॲलर्जी आहे म्हणायची, आणि धुळीने तिला शिंका यायच्याही. अर्धं खरं बोलायचं ती शिकली होती ते घरातूनच.

तिसऱ्या गुरुवारी एसटी स्टँडवर शेजारची रंगुबाई भेटली.

"कुटं निगाल्या गं मायलेकी दर गुरवारी?"

"नगरला. दवाखान्यात."

"काय झालं पोरीला?"

सविताच्या जिभेवर केस आला होता. तो तिने गिळला आणि उरलेलं सांगितलं. "काय न्हाई ओ. बारीक बारीक शॉक द्यावा लागतो. वरीसभर द्यायचा म्हणाल्यात डॉक्टर."

गाडीत बसल्यावर तिला जरा बरंच वाटलं. खोटं एक अक्षर बोललो नाही आणि केसाचं नावही निघालं नाही. पण आपल्याकडे शॉक देतात तो कशासाठी, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रंगुबाईच्या सख्ख्या दिराला पुण्याला नेऊन शॉक दिले होते. तो अंगणात उभा राहून विजेच्या खांबाशी भांडायचा. रंगुबाईला वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं. तिने ते लेकीला फोनवर सांगितलं, आणि लेक दिलेली होती संगमनेरला.

चार आठवड्यांनी, बुधवारी दुपारी, आदिनाथचे आईवडील न कळवता दारात उतरले. वडील आबासाहेब चपला काढून खुर्चीत बसले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. बोलायचं काम बायकोवर सोपवून ते आले होते. सविताचा नवरा शेतात, घरात मायलेकीच. संस्कृतीची त्या दिवशी सुट्टी होती आणि ती आतल्या खोलीत होती. सहा दिवसांचे केस तिच्या हनुवटीवर होते.

"च्या ठेवते," सविता म्हणाली.

"च्या ऱ्हाऊ द्या, विहीणबाई. बसा हितं. पोरगी मेडिकलात बी तोंड बांधून असती म्हनं," आदिनाथची आई, सविताची विहीण, म्हणाली.

"धुळीचं होतंय तिला."

"आन गुरवारी नगरला जाता ते?"

"ते व्हय. ते जरा मणक्याचं हाय. शेक देत्यात करंटचा." हे मात्र अख्खं खोटं होतं आणि सविताचं ते पहिलंच, त्यामुळे ते नीट उभंही राहिलं नाही.

विहीणबाईंनी पदर सावरला. "आमाला सगळं कळलंय. डोक्याला शॉक चालू हायेत पोरीला. अवो, एक शब्द तरी सांगायचा. आमचा येकुलता येक पोरगा हाय."

सविताला रंगुबाई आठवली, स्टँड आठवला, आपणच उच्चारलेला शब्द आठवला. पोरीच्या कपाळी वेडाचा शिक्का आपल्या तोंडाने मारला गेला होता. कागद दाखवावेत तर फाइलवर पहिल्याच पानाला चेहऱ्यावरचे केस असं लिहिलेलं. ते दाखवायचं की वेड कबूल करायचं, अशा फेऱ्यात ती बसल्या जागी सापडली. आणि सविताबाई तेवढ्यातही विचार करत होत्या की तिसरं काही सांगता येईल का.

आतल्या खोलीचं दार उघडलं. संस्कृती स्कार्फ न बांधता बाहेर आली आणि दारातून ऊन येत होतं तिथे विहीणबाईंच्या समोर खाली बसली. मान वर केली. हनुवटीवरचे, गळ्यावरचे केस उन्हात एकूण एक दिसत होते, दोन्ही खड्ड्यांसकट.

"मला हे येतं," ती म्हणाली. "शॉक यालाच देतात, सुईने. डोक्याला नाही. उद्या पुन्हा जायचंय म्हणून वाढलेत."

आबासाहेबांनी एकदा बघितलं आणि नजर परत कॅलेंडरवर नेली. विहीणबाईंनी पुढे वाकून हनुवटी निरखली. त्यांचा चेहरा सैल पडेल, हुश्श करतील, असं सविताला वाटत होतं. देवाशपथ वाटत होतं.

"डोक्याचं आसतं तर गोळ्या देऊन घरात ठिवता आली आसती," विहीणबाई शेवटी म्हणाल्या. "हे तर चारचौघांत दिसंल."

त्या उठल्या. जाताना दारात थांबून त्यांनी एवढंच विचारलं, "आदिनाथला ठावं हाय का हे?" संस्कृतीने नाही म्हणून मान हलवली. ती मान हलवणं त्यांनी बरोबर गाठीला बांधून नेलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सविताला वाटलं पोरगी उठणारही नाही. ती सातलाच आवरून तयार बसली होती. रात्रभर आदिनाथचा फोन आला नव्हता आणि तिनेही केला नव्हता.

डॉक्टरबाईंनी दिवा हनुवटीवर ओढला, नवी सुई लावली, भिंगाचा चष्मा चढवला आणि नेहमीचं बजावलं, "आता अर्धा तास बोलायचं नाही. हनुवटी हलली की सुई चुकते." सविता पायथ्याशी स्टुलावर बसली. मांडीवर पोरीची पर्स. मशीन बारीक आवाज करायचं, संस्कृतीच्या पायाचा अंगठा ताठ व्हायचा, डॉक्टर एक केस काढून कापसावर पुसायच्या. असे वीसेक झाले असतील, तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. आदिनाथचं नाव.

सविताने लेकीकडे बघितलं. लेकीला बोलता येत नव्हतं, मान हलवता येत नव्हती. तिने फक्त आईकडे रोखून बघितलं, आणि डोळे फोनकडे नेले. घे, असा त्याचा अर्थ होता. सविताने फोन घेतला. हॅलो म्हणायलाही तिला सुचलं नाही.

"संस्कृती," तिकडून आदिनाथ बोलायला लागला, "मला केसांचं काही नाही. खरंच काही नाही. पण आई म्हणते, ज्या पोरीने एवढं लपवलं ती पुढे काय काय लपवेल, आणि मला त्याला उत्तर देता येत नाहीये. तू मला का नाही सांगितलंस? रोज बोलत होतो आपण."

मशीनचा बारीक आवाज झाला. पोरीचा अंगठा ताठ झाला.

आता अर्धं खरं पुष्कळ होतं हाताशी. लाजली असंल, म्हणता आलं असतं. सांगणारच होती, म्हणता आलं असतं, आणि तेही खोटं नव्हतं.

"आदिनाथराव, मी सविता बोलती," ती म्हणाली. "तिच्या तोंडात आत्ता सुई... तोंडावर सुई हाय, ती बोलू शकत न्हाई. तिला सांगायचं हुतं तुमाला. पयल्या म्हैन्यातच. मी आन घातली तिला. वेडाचं बी मीच पसरवलं, रंगुबाईपाशी, केस झाकायला. पोरीनं काय लपवलं न्हाई, मी लपवलं."

तिकडून फोन कट झाला नव्हता.

"तुमच्या आईला सांगा," सविता म्हणाली, "शॉकची गरज पोरीला न्हवती. तिच्या आईला हुती."

आईचं बोलणं ऐकून संस्कृतीची हनुवटी हलली. "हलू नकोस," डॉक्टरबाई तिला म्हणाल्या आणि त्यांनी सुई बाजूला घेतली.